मदत हवी: १९९१च्या माझदा मिआटात १.८ लिटरचं इंजिन बसवलं तर ऑटोक्रॉसला क्लास कोणता लागेल?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत एससीसीए या मोटारस्पोर्ट क्लबच्या ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत शंकूंमधून एकेकाने वेळ लावून गाडी पळवणं) जाणारं, त्यातही इंजिन बदलून उतरलेलं कुणी इथे असेल तर सल्ला हवाय. जंकयार्डवाल्याने इंजिन शनिवारपर्यंतच राखून ठेवलंय.

गाडी १९९१ची माझदा मिआटा, मूळ १.६. सहा वर्षं 'स्ट्रीट'मध्ये, म्हणजे जवळजवळ मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या गटात पळवतोय. गेल्या महिन्यात पुढून घरघर यायला लागली. बेल्ट काढले तर क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) पुली हाताने डुगडुगत होती. पुलीवर चार खाचा, म्हणजे सुरुवातीचा आखूड नाकाचा क्रँक (पुली बसते ते टोक आखूड). मधला बोल्ट काढला तर पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच इतकी झिजलेली की माझं नख आत हलत होतं. आधीच्या मालकाकडे टायमिंग बेल्ट बदलताना तो बोल्ट नीट कसला गेला नसावा.

आता दुसरं १.६ शोधायचं की समोर आहे ते १९९४चं १.८ घ्यायचं? कागदावर ११६ची १२८ अश्वशक्ती होते, म्हणजे फरक १२चाच. पण 'स्ट्रीट' आणि 'स्ट्रीट टूरिंग', दोन्हीकडे हे चालत नाही. 'स्ट्रीट प्रिपेअर्ड'मध्ये नियमांच्या यादीत एका ओळीत असलेल्या वर्षांचं इंजिन घेता येतं, तेही अख्खं, तुकड्यातुकड्याने नाही. नाहीतर थेट 'स्ट्रीट मॉडिफाइड', दोन सीटची म्हणून एसएसएम (सुपर स्ट्रीट मॉडिफाइड). तिथे टर्बो लावलेल्या गाड्यांसमोर माझं साधं १.८! मित्र होंडाचं के-२४ टाक म्हणतो, पण तिथे इंजिन गाडीच्याच कंपनीचं लागतं, त्यामुळे तिथे तो रस्ताही बंद.

नासाच्या (अंतराळवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन) टाइम ट्रायलमध्ये इंजिन कुठलं यापेक्षा वजन भागिले ताकद बघतात. तिथल्या टीटी६ या क्लासला १८ पौंडांमागे एक अश्वशक्ती. माझ्यासकट गाडी २४०० पौंड धरली तर १३३पर्यंत मुभा, आणि १.८ चाकांवर तेवढी देतच नाही. पण ते ट्रॅकवरचं, आमचं सगळं पार्किंग लॉटमध्ये.

खरी काळजी लेकीची आहे. ती या सीझनला पहिल्यांदा याच गाडीत उतरणार. नवख्यांचा निकाल पॅक्सवर लागतो, म्हणजे क्लासच्या आकड्याने वेळेला गुणून. क्लास जितका वरचा, तितका आकडा मोठा. पोरगी कितीही नीट चालवो, माझ्या इंजिनापायी तिची वेळ फुगणार. हे मला पटत नाही.

तर विचारायचं असं: आठ खाचांचं, लांब नाकाचं १९९२-९३चं १.६ या गाडीत बसवलं तर 'स्ट्रीट'मध्ये ते मूळचंच धरतात का? टेक इन्स्पेक्शनला (स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीला) कुणाला अडवलंय का? आणि १.८ घेतलंच, तर १९९४चं मोठं डिफरेन्शियलही (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच) सोबत घालावं लागेल का, की माझं छोटं तग धरेल?

आज रात्री पुलीचे आणि खाचेचे फोटो टाकतो.