'सेन्स ऑफ प्लेस'ला मराठीत काय म्हणायचं? 'ठाव' चालेल का?

मंडळी, एक शब्द अडलाय. ग्रामपंचायत सदस्यांच्या ट्रेनिंगची एक पुस्तिका मराठीत करतेय, मसुद्यात शीर्षक 'शाश्वत समुदाय विकास' असं आहे. विषय असा की गावाचा विकास करताना किंवा नवी वस्ती वसवताना त्या जागेची ओळख कशी राखायची, आणि त्यात पानोपानी 'सेन्स ऑफ प्लेस' येतंय. म्हणजे ही नुसती जागा नाही, ही अमुक जागा आहे आणि मी इथली आहे, हे माणसाला आतून वाटणं. आधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात 'स्थानबोध' असं लिहिलंय. ते मी एका सरपंचताईंना वाचून दाखवलं तर त्यांनी विचारलं, हे नकाशा वाचायला शिकवणारं आहे का? मला त्यांचं पटलं, त्या शब्दातून तेवढंच पोचतं.

माझ्या डोक्यात 'ठाव' घोळतोय. ठाव म्हणजे जागा, ठावठिकाणा मधला. ठाव म्हणजे खोलीसुद्धा, विहिरीचा ठाव लागत नाही, मनाचा ठाव घेतला. आणि आमच्याकडं लातूर भागात म्हातारी माणसं 'मला ठावं न्हाई' म्हणतात तेव्हा ठाव म्हणजे माहीत असणं, 'ठाऊक' पण त्याच घरातला. जागा, खोली आणि जाण, तिन्ही एका शब्दात आहेत, आणि मला जे म्हणायचंय ते बरोबर तेच आहे. पण तो शब्द आज एकटा उभा राहतो का ते कळेना. सांगा.

प्रतिसाद

ठाव शब्द गोड आहे पण 'गावाचा ठाव जपा' असं वाचलं तर मला आधी वाटेल कुणीतरी हरवलंय आणि शोध चाललाय. ठावठिकाण्यानं त्याला फार धरून ठेवलंय. त्यापेक्षा सरळ 'गावपण' का नाही? 'पण' हा आपला फार कामाचा प्रत्यय आहे, माणूसपण, घरपण, आणि घरपण म्हणजे चार भिंती नव्हेत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शहरासाठी पेठेचं पेठपण, चाळीचं चाळपण म्हणता येईल, जरा ओढूनताणून होईल पण कळेल.

प्रतिसाद

नगर जिल्ह्यातून लिहितोय. 'पांढरी' कुणालाच आठवली नाही याचं नवल वाटलं. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसं राहतात ती. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, पडलेल्या घरांची माती, जनावरांचं शेण सगळं साचून साचून ती माती पांढुरकी होते. आमच्याकडं जुन्या ओसाड वस्तीच्या उंचवट्याला पांढरीचं टेकाड म्हणतात, पुरातत्त्ववाले पण हाच शब्द वापरतात आणि जुनी वस्ती शोधताना आधी तेच बघतात. माझे आजोबा तिथली माती गाडीनं आणून घराच्या धाब्यावर टाकायचे, पावसाला दाद देत नाही म्हणून, म्हणजे कुणा अनोळखी पूर्वजांच्या घराची माती आमच्या डोक्यावर छप्पर होती. पुढं 'पांढरी' म्हणजे गावातली माणसंच असा अर्थ झाला. माणसं राहून राहून जागा तयार होते, हे या एका शब्दात आलंय, अजून काय पाहिजे.

प्रतिसाद

चर्चा आवडली पण मला एक बोलायचंय. पांढरी, वेस, पार, चावडी, गावपण हे शब्द वाचून ज्यांना ऊब वाटते त्यांनी 'गावकूस' हा शब्द पण यादीत घ्यावा. आमचं घर गावकुसाबाहेर होतं. माझ्या आजीला पारावर बसायची मुभा नव्हती आणि पाणवठा वेगळा होता. तिलाही जागेची जाण होती, फार नेमकी होती, कुठवर जायचं आणि कुठं थांबायचं याची. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायचा निर्णय घेतला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची ठरली, तेव्हा 'जुन्या नावात इतिहास असतो' असं म्हणणारे माझ्या ऑफिसमध्येही होते. असतो ना, पण पाकिटावर तो पत्ता लिहायची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. म्हणून पुस्तिकेत गावपण 'जपा' असं सरसकट लिहू नका एवढीच विनंती.

मूळ लेखिका

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. 'जपा' हे क्रियापद मी काढतेय, आत्ताच खोडलं.

आणि मला हा शब्द इतका का लागलाय ते पण सांगते. माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उचलून दुसऱ्या जागी वसवली, त्यात आमचं एक. नवी घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली आणि ते गरजेचंच होतं, पुन्हा दगडी भिंतीखाली झोपायला कुणी तयार नव्हतं. पण घर केवढं मिळणार ते जमिनीवर ठरलं, भूमिहीनांना आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या जमिनीवाल्यांना ७५०. कागदावर कुठं जात नव्हती, जमीन होती, आणि जमीन कुणाकडं होती ते तुम्हाला सांगायला नको.

आता शब्दाकडं येते. नव्या गावात सरळ रुंद रस्ते, रांगेत घरं, घरावर नंबर. गल्ली गेली, ढेलज म्हणजे दारातली बसायची जागा गेली, आणि ढेलजेबरोबर दुपारी तिथं बसून वाती वळणाऱ्या बायका पण पांगल्या. लोक त्या जागेला 'पुनर्वसन' म्हणायचे, हे नावच पडलं, 'कुठं राहता?' तर 'पुनर्वसनात.' आणि आजी नव्या घरातून निघताना 'गावात जाऊन येते' म्हणायची, म्हणजे जुन्या पडक्या गावात, मारुतीला पाणी घालायला. राहायची एकीकडं आणि 'गाव' दुसरीकडं, असं कितीतरी वर्षं चाललं. एसटीत कंडक्टर पण विचारायचा, जुनं का नवं?

प्रतिसाद

मुंबईतून दोन ओळी. सायनचं मराठी नाव शीव, म्हणजे सीमा, जुनं मुंबई बेट तिथं संपायचं. आज शीव शहराच्या पोटात आहे, पण नाव अजून हद्द सांगतंय. आणि 'गावठाण' मधलं ठाण म्हणजे तुमच्या ठावाचाच भाऊबंद, दोन्हीत 'स्था' हा धातू. आमच्याकडं गावठाण आणि कोळीवाडा हे आता डेव्हलपमेंटच्या भांडणातले शब्द झालेत, हद्द नकाशावर कुठं धरायची यावर माणसांचं राहणं ठरतं. सुकी मासळी वाळवायची जागा नकाशात 'मोकळी जागा' म्हणून दाखवली की पुढं काय होतं ते कोळणींना विचारा. तेव्हा पुस्तिकेत कुठलाही शब्द घ्या, पण कुठल्या जागेचा काय वापर होतो ते लोकांकडून लिहून घ्या हे नक्की टाका.

प्रतिसाद

मला 'शाश्वत समुदाय विकास' या शीर्षकावर बोलायचंय, तो शब्द तर स्थानबोधापेक्षा जड आहे. शाश्वत म्हणजे कायमचं, कधी न संपणारं, आत्मा शाश्वत असतो, हातपंप नसतो. आपल्याकडं 'नांदणं' आहे की. नांदतं घर, नांदतं गाव. मुलगी सासरी नांदते म्हणतो तेव्हा नुसतं राहणं नसतं, तिथं रुजणं, संबंध सांभाळणं, चूल चालू ठेवणं सगळं त्यात येतं. अर्थात ज्यांना 'नांद गपगुमान' असं दरडावून सांगितलं गेलं त्यांना हा शब्द टोचेल, हेही खरंय. तरी 'नांदतं गाव' म्हटलं की विहिरीला पाणी आहे, शाळेत पोरं आहेत, संध्याकाळी दिवे लागतात हे डोळ्यापुढं येतं. 'टिकाऊ' म्हटलं की मला चप्पल आठवते.

मूळ लेखिका

'नांदतं गाव' घेतलं, शीर्षकच ते केलं. टोचेल ते पण लक्षात ठेवते, आत एकदा समजावून लिहीन.

आणि वरचं अर्धं राहिलं होतं ते पुरं करते, कारण मला माझं उत्तर तिथंच सापडलं. नव्या गावात शाळेजवळ कुणीतरी लावलेला लिंब मोठा झाला. पोरांनी त्याला दगड रचून कट्टा केला, कुठल्या प्लॅनमध्ये तो नव्हता. मग तिथं दूधवाला थांबायला लागला, पेपर यायला लागला, भाजीची पाटी उतरायला लागली, आणि २५० वाले ७५० वाले एकाच कट्ट्यावर दिसायला लागले, सगळेच आणि रोज असं नाही म्हणणार, पण दिसायला लागले. एका सुट्टीत मी गेले तर मामा घरात नव्हता. मी विचारलं, मामा कुठंय? आजी म्हणाली, 'हाय की गावात, लिंबाखाली.' मी मुद्दाम पुन्हा विचारलं, जुन्या गावात? तर माझ्याकडं बघून म्हणाली, 'तिथं कशाला जाईल, तिथं कोण हाय?'

त्या दिवशी तिच्या तोंडातलं 'गाव' जागा बदलून इकडं आलं होतं.

तर पुस्तिकेत असं करतेय: जिथं व्याख्या द्यायची तिथं 'ठाव', तिन्ही अर्थ सांगून. बाकी ठिकाणी 'गावपण'. आणि सदस्यांना करायला एक काम दिलंय, आपल्या हद्दीतल्या प्रत्येक वस्तीत जाऊन, गावकुसाबाहेरच्या वस्तीपासून सुरुवात करून, लोक 'गावात जातो' म्हणतात तेव्हा नेमकं कुठं जातात ते विचारून नकाशावर टिंब मारायचं. पांढरीवाले दादा, धाब्यावरच्या मातीचं तुमचं वाक्य नाव न देता घेतलं तर चालेल ना?