गायरानावरील चराई: पूर्ण बंदी करावी की पाळीने चारावे?

प्रश्न | माणदेशी शेतकरी

आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. शेतकरी गटाने श्रमदानातून गायरानावर सलग समतल चर खोदले आणि चरांच्या भरावावर गवताचे बी टाकले. पहिल्या पावसात ते छान उगवले. परंतु वीतभर होण्याआधीच शेळ्यामेंढ्यांनी ते बुडख्यापर्यंत कुरतडले आणि आता तिथे तरवडाची झुडपे व कुसळी गवत यांखेरीज फारसे काही दिसत नाही. गटातील बहुतेकांना पाणलोटाच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावाप्रमाणे सरसकट चराईबंदी हवी आहे. मात्र ज्यांचे घर चार-सहा शेळ्यांवर चालते, त्या भूमिहीन कुटुंबांनी बैठकीला येणेच सोडले असून मेंढपाळ मंडळीही नाराज आहेत. गाव न दुभंगता गवत कसे वाचवावे, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ | कुरणमित्र

सरसकट बंदीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भागातील मेंढपाळ दिवाळीनंतर खांडवे (मेंढरांचे कळप) घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे ज्या महिन्यांत गवताला फुटव्यासाठी विश्रांती हवी असते, नेमकी त्याच महिन्यांत सगळी मेंढरे गावात असतात आणि शिवारात पिके उभी असल्याने त्यांना गायरानावाचून दुसरी जागा नसते. अशा वेळी संपूर्ण गायरान बंद केले, तर लोक रात्री चोरून चारतील आणि राखणदाराशी रोज भांडणे होतील.

त्याऐवजी गायरानाचे तीन भाग पाडावेत. पहिला भाग दोन-तीन पावसाळे पूर्ण बंद ठेवून तेथील गवत फक्त विळ्याने कापून न्यावे. उरलेल्या दोन भागांत आलटून पालटून चारावे आणि गवत चार बोटांवर आले की कळप पुढच्या भागात हलवावा. पहिल्या भागातील गवताने मूळ धरले की तो चराईसाठी उघडून दुसरा बंद करावा. कोणता भाग आधी बंद करायचा, हे मात्र मेंढपाळांनाच ठरवू द्यावे, कारण पाणवठ्याची वाट आणि दुपारी कळप बसवायची सावली त्यांना जितकी ठाऊक असते तितकी आपल्याला नसते.

हिवरे बाजारचे उदाहरण देताना तेथील पुढची व्यवस्था अनेकदा सांगायची राहून जाते. तिथे बंदीबरोबरच ठरावीक शुल्क भरून गवत कापून नेण्याची मुभा होती आणि पाणलोटाच्या कामांमुळे दावणीला दुभती जनावरे बांधणे लोकांना परवडू लागले. हरियाणातील सुखोमाजरी गावाने 1970च्या दशकात याहून पुढचे पाऊल टाकले. डोंगरावरील चराई थांबवण्याच्या बदल्यात बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, अगदी भूमिहीनालाही, समान वाटा देण्यात आला आणि तो वाटा विकण्याची मोकळीकही ठेवली गेली. ज्याला शेळ्या सोडायला सांगितले, त्याच्या हातात आधी काहीतरी पडले, म्हणून तेथील डोंगर राखण्यात सगळ्या गावाला रस राहिला. आपल्या गटाने भूमिहीन कुटुंबांना कापणीच्या गवतात पहिला हक्क द्यावा. बैठकीला या, असे वारंवार सांगण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल.

उत्तर २ | वैरण-बियाणे

गवताविषयी थोडे. कुसळी फुलोऱ्यावर येताच कापावी. कुसळे तयार झाल्यावर जनावर तिला तोंड लावत नाही, शिवाय ती मेंढरांच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात. मारवेल गवत बियांपेक्षा ठोंबांनी चांगले लागते. अंजन गवताचे ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून मागील हंगामाचे घ्यावे आणि हलके असल्याने ओलसर मातीत मिसळून फेकावे. त्यात स्टायलो हे द्विदल चारापीक मिसळल्यास चाऱ्यातील प्रथिने वाढतात. झाशीची चराऊ व चारा संशोधन संस्था आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांच्याकडे बियाण्याची चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. पावसाआधी गायरानावर दहा फूट लांब-रुंद तुकड्याला बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घालावे आणि दसऱ्याच्या सुमारास आतले व बाहेरचे तेवढ्याच जागेतले गवत कापून सर्वांसमोर तराजूत घालावे, म्हणजे चराई थांबवल्याने किती फरक पडतो हे सगळ्यांना दिसेल.

उत्तर ३ | ग्रामसभा सदस्य

कुरणमित्रांच्या मताशी मी सहमत आहे. पण कागदाची बाजूही पाहावी. आधी मोजणी करून हद्द कायम करावी. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये निकाल दिला आणि त्यानंतर राज्य शासनाने जुलै 2011 मध्ये गायरानांसंबंधी निर्णय काढला. मात्र मराठवाड्यासह राज्यात अनेक ठिकाणी भूमिहीन दलित व भटक्या कुटुंबांनी गायरान कसून पोट भरले आहे, हा इतिहास विसरून हद्दीच्या नावाखाली त्यांनाच आधी उठवणे अन्यायाचे होईल. आपल्या डोंगराचा काही भाग वनखात्याकडे असल्यास 2006 च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या चराईच्या हक्कांचीही तरतूद आहे, तीही अभ्यासावी.

देखरेख समितीत निम्म्या जागा शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांना द्याव्यात आणि त्यांत स्त्रिया असाव्यात, कारण शेळ्यांमागे बहुधा त्याच जातात. दंडाची रक्कम ग्रामसभेच्या ठरावात लिहावी आणि ती सरपंचाच्या नातलगालाही तितकीच लागू करावी.

माणदेशी शेतकरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन भागांची कल्पना गटापुढे मांडतो. राखणदाराचा पगार कशातून द्यावा, एवढी एक अडचण उरते.

कुरणमित्र

बंद भागातील गवताच्या कापणी शुल्कातून पगाराचा काही भाग निघतो. उरलेला शेतकऱ्यांनी वर्गणीने द्यावा. मेंढरे शेतात बसवून मिळणाऱ्या खताचा लाभ त्यांनाच होतो, त्यामुळे तो भार मेंढपाळांवर टाकू नये. राखणदार शक्यतो मेंढपाळ कुटुंबातीलच नेमावा.