मदत हवी आहे: विनॉक्सी मेंब्रेन बायोरिअ‍ॅक्टरमध्ये पांढरा थर आणि गॅसला कुजका वास

नमस्कार. दक्षिण गोव्यातील एका मासळी प्रक्रिया कारखान्यातला सांडपाण्याचा संच मी सांभाळतो. हवा फुंकण्याची वीज वाचते, जिवाणू मेंब्रेनमुळे (अतिबारीक छिद्रांच्या गाळण-पडद्यामुळे) टाकीतच अडून राहतात आणि वर बायोगॅस मिळतो, म्हणून विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय चालणारा, संच घेतला; फेब्रुवारीपर्यंत त्याविषयी तक्रारीला जागा नव्हती.

मार्चअखेरीपासून मात्र मेंब्रेनच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक ८० मिलिबारवरून ३०० पर्यंत चढला आहे. मेंब्रेनवरचा थर निघावा म्हणून तिच्यावर सोडायचा बायोगॅस वाढवून पाहिला, हायपोक्लोराइटने दोनदा धुतले. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. परवा मेंब्रेनची एक कॅसेट (चौकटीत बसवलेला संच) बाहेर काढली, तेव्हा तिच्या खालच्या कडेला बोटाला वाळूसारखा खरखरीत लागणारा पांढरट थर दिसला. त्यातच गॅसला कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागला असून तो मिळतोही कमी. टाकीचा सामू (पीएच) ७.८ आहे. फरशी आणि क्रेट धुण्यासाठी आम्ही विहिरीचे पाणी वापरतो. विहीर खाजणाला लागून असल्याने उन्हाळ्यात ते मचूळ होते. याचा काही संबंध असेल का?

उत्तर: संबंध दाट दिसतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट आणि १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते, आणि आपल्या विहिरीत त्याचाच अंश उतरत असावा. मासळीतील प्रथिने कुजून अमोनिया सुटतो. तो फॉस्फेट आणि मॅग्नेशियम यांच्याशी मिळून स्ट्रुव्हाइटचे खडे धरतो, आणि सामू जितका चढेल तितके ते लवकर बसतात. हायपोक्लोराइट जैविक थरावर चालते, क्षारांवर नाही. खड्याचा तुकडा सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकून पाहा: फसफसला तर कार्बोनेट, मुकाट्याने विरघळला तर बहुधा स्ट्रुव्हाइट. धुलाईही त्याच अ‍ॅसिडने करावी, पण आधी हायपोक्लोराइटचा अंशही राहणार नाही इतके पाणी फिरवावे, नाहीतर क्लोरीन वायू सुटेल.

वासाचे कारण सल्फेट. सल्फेटखाऊ जिवाणू त्यापासून कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि एक किलो सल्फेटमागे ०.६७ किलो सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय मालाचे माप) पळवतात, आणि एक किलो सीओडीतून ०.३५ घनमीटर मिथेन मिळायला हवा होता. गॅस कुठे गेला हे यावरून कळेल. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की नाकाला वास येईनासा होतो, तेव्हा मीटरशिवाय टाकीवर कोणालाही चढू देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज कपभर द्रावणात तुकडा टाकला. एकही बुडबुडा आला नाही आणि बऱ्याच वेळाने तो पूर्ण विरघळला. विहिरीचा पंप बंद केला असून पाऊस लागेपर्यंत फरशीसाठीही टँकरचेच पाणी घेणार आहे. पाण्याचा नमुना सल्फेट आणि मॅग्नेशियमसाठी तपासणीला दिला आहे; आकडे हाती आले की इथेच देईन.