सौभद्रातला कृष्ण मुलीला दिला तर?

रुणझुण_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमचा कोथरूडचा हौशी ग्रुप आहे, सगळे नोकरी सांभाळून संगीत नाटक करणारे, आणि यंदा अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं सौभद्र करायचं ठरलंय. अर्जुन, नारद, बलराम, सुभद्रा सगळे मिळालेत, अडलंय ते कृष्णापाशी. गाणारी मुलं आहेत पण एकाला गद्य म्हणजे बोलायचे संवाद अजिबात जमत नाहीत आणि दुसऱ्याची कंपनीतली शिफ्ट अशी की तालमीलाच येता येत नाही. ग्रुपमधली एक मुलगी मात्र लहानपणापासून गाणं शिकतेय, आवाज भरदार, खालचे स्वर फार सुंदर लागतात, उंच आहे, आणि कृष्णाचा जो सगळं माहीत असूनही काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा असतो ना तो तिला न सांगता जमतो. वाचनाला कृष्ण वाचायला कोणी नव्हतं म्हणून तिने वाचला आणि मला तेव्हाच वाटलं की हाच आपला कृष्ण.

पण ग्रुपमधल्या दोन ज्येष्ठ मंडळींचा ठाम नकार आहे. एक म्हणतात देवाची भूमिका आहे, लोक हसतील. दुसरे म्हणतात रुक्मिणीबरोबरचा प्रवेश कसा दिसेल. मला ती भूमिका तिलाच द्यायचीये, आणि ती फक्त मुलगा मिळत नाही म्हणून नाही तर ती सगळ्यात चांगली करेल म्हणून. स्वराचं काय करायचं, दिसण्याचं काय, आणि पुण्यातला प्रेक्षक हे कसं घेईल, ज्यांनी काही केलंय किंवा पाहिलंय त्यांनी सांगा प्लीज.

ऑर्गनवाला_नारायणपेठ

स्वराचं मी सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते. पुरुष साधारण काळी एक, काळी दोनला गातात आणि बायका काळी चार, काळी पाचला. तुमच्या मुलीचे खालचे स्वर चांगले आहेत म्हणून तिला अर्जुनाच्या पट्टीत ओढायचा मोह होईल, तो कृपा करून टाळा. काळी दोनला ती खाली गायली तर मंद्रात म्हणजे खालच्या सप्तकात नुसती पुटपुट होईल आणि वर गायली तर तार म्हणजे वरच्या सप्तकात किंचाळणं होईल. तिच्या आवाजाला जी सुखाची पट्टी आहे ती धरा, कदाचित पांढरी चार किंवा काळी तीनसुद्धा निघेल.

सौभद्रात सोय अशी आहे की बहुतेक पदं एकट्याची आहेत, त्यामुळे ज्याची त्याची पट्टी वेगळी असली तरी चालतं. ऑर्गनवाल्याला पट्टी बदलायला काहीच लागत नाही, खरी अडचण तबल्याची असते, तर तबलजींना वेगवेगळ्या पट्टीचे दोन दाये (उजव्या हाताचे तबले) घेऊन बसायला सांगा आणि तालमीपासून सांगा, प्रयोगाच्या दिवशी नाही. अर्जुन काळी दोनला आणि कृष्ण काळी चारला असेल तर आणखी सोपं कारण काळी दोनचा मध्यम (म) म्हणजेच काळी चार, पदाला पद लागून आलं तरी कानाला धक्का बसत नाही.

लक्ष द्यायचं ते रुक्मिणीकडे. कृष्ण आणि रुक्मिणी दोन्ही बायका, दोघींची पट्टी एक आणि आवाजाची जात पण एक असेल तर 'नच सुंदरी करू कोपा' मध्ये कोण कोणाचा रुसवा काढतंय तेच कळणार नाही. रुक्मिणी पातळ, चढ्या आवाजाची घ्या, काळी पाचवाली. कृष्णाच्या आवाजाला वजन आपोआप येईल.

माजघरातली_आजी

रुणझुण, बाळ, लोक हसतील म्हणणाऱ्यांना सौभद्राचाच इतिहास सांग. १८८२ साली किर्लोस्करांनी हे नाटक आणलं, तेव्हा सुभद्रा कोण होती? भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या गळ्यासाठी लोक वेडे होते. पुढे बालगंधर्वांनी मानापमान नाटकात १९११ ला नायिका भामिनी केली, स्वयंवरात १९१६ ला रुक्मिणी, एकच प्याल्यात १९१९ ला सिंधू, आणि त्यांचे शालू बघून घराघरातल्या बायका तसं नेसायला लागल्या. आपल्या जंगली महाराज रोडवरच्या रंगमंदिराला १९६८ पासून त्यांचंच नाव आहे. पुरुषाने रुक्मिणी केलेली ज्या गावाने डोक्यावर घेतली त्या गावाला मुलीचा कृष्ण का झेपू नये?

आणि दुसरी गोष्ट जी फार कोणी सांगत नाही. स्त्री-पुरुष एकत्र रंगमंचावर येणं रूढ व्हायच्या आधी आपल्याकडे फक्त बायकांच्या नाटक मंडळ्या होत्या, बेळगावकर स्त्री संगीत मंडळी होती, मनोहर स्त्री संगीत मंडळी होती, आणि तिथे पुरुषपार्ट बायकाच करत. राजे, नायक, देव सगळं. त्यातल्या पुष्कळ जणी कलावंतिणींच्या घरातल्या म्हणून प्रतिष्ठित लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं तेही फार थोडं. भाऊरावांच्या सुभद्रेवर पानंच्या पानं वाचायला मिळतात पण या बायकांनी शेला कसा सावरला, गद्य कसं फेकलं, काही म्हणजे काही मिळत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. गायिका हिराबाई बडोदेकरांनी १९२९ ला स्वतःची कंपनी काढून कुलीन बायकांसाठी दार उघडलं ते मोठंच काम, पण त्यांच्या आधीच्या या पुरुषपार्टवाल्या बायका आपण विसरून गेलो.

श्रीपाद_सातारारोड

माझा विरोध आहे आणि तो देवाबिवाचा नाही.

आजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून म्हणतो, बालगंधर्वांचा दाखला मला इथे पटत नाही. घरंदाज बायकांना रंगमंचावर यायची बंदी होती म्हणून पुरुष स्त्रीपार्ट करत होते. एका अन्यायातून जी रीत आली तिचा आधार घेऊन आज काहीतरी सिद्ध करायचं हे बरोबर नाही. आज मुलांना कोणी बंदी घातलेली नाही.

माझी काळजी वेगळी आहे. मी शाळेच्या मुलांना नाट्यगीतं शिकवतो, वर्गात मुलीच मुली. मुलगे आठवी-नववीपर्यंत येतात, मग आवाज फुटतो, वर्ष-दीड वर्ष काहीच नीट लागत नाही, घरचे क्लास लावतात आणि ते गाणं सुटतं ते सुटतंच. त्यांना पुरुषाच्या गळ्यातला कृष्ण, मानापमानातला नायक धैर्यधर ऐकायला मिळायला हवा, तरच त्यांना वाटेल की आवाज बसल्यावर आपल्यालाही जागा आहे. प्रत्येक ग्रुपने मुलगा मिळत नाही म्हणून मुलगी घेतली तर पुढच्या पिढीला मुलगा मिळणारच नाही. ज्याला गद्य जमत नाही त्याला शिकवा ना. केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेल्या १९२१ च्या संयुक्त मानापमानात समोरासमोर उभे राहिले, त्याचं नाव अजून निघतं त्यात दोन अगदी वेगळ्या गळ्यांची टक्कर हे मोठं कारण आहे.

वेस्टएंड_ते_वारजे

मी इंग्रजी म्युझिकल्स खूप बघतो/ऐकतो त्यामुळे तिकडचं थोडं सांगतो, कारण तिथे हा वाद गेली काही वर्षं जोरात चाललाय आणि मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत.

एक प्रकार म्हणजे पात्रच बाई करून टाकायचं. लंडनमध्ये २०१८ ला 'कंपनी' या म्युझिकलचा नायक बॉबी होता त्याची बॉबी नावाचीच नायिका केली, स्वतः संगीतकार सोंडहाइम यांच्या संमतीने, गाण्यातले शब्द बदलले, आणि लग्न न केलेल्या पस्तिशीच्या माणसाची गोष्ट बाईची झाल्यावर एकदम जास्त टोचायला लागली. दुसरा प्रकार म्हणजे पात्र पुरुषच ठेवायचं आणि करणारी बाई. न्यूयॉर्कमध्ये २०२२ ला '१७७६' या म्युझिकलचं जे पुनरुज्जीवन झालं त्यात अमेरिकेचे सगळे संस्थापक पुरुष, पण कास्टमध्ये एकही सिसजेंडर (म्हणजे जन्मापासून पुरुष म्हणूनच ओळखला गेलेला आणि स्वतःला तसंच मानणारा) पुरुष नव्हता. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावर अभिनेत्री-गायिका सिंथिया एरिव्होने जीझस ख्राइस्ट सुपरस्टारमध्ये येशू केला. तिथेही देवाचा मुलगा बाईने कसा करायचा म्हणून आधी खूप आरडाओरडा झालाच होता.

तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे, कृष्णाला बाई करून चालणारच नाही, सगळं नाटक कोसळेल. मग तिला सांगा की पुरुषाची नक्कल करू नकोस. जाड आवाज काढणं, पाय फाकवून उभं राहणं, छाती पुढे, हे केलं की लोक हसतातच आणि तो दोष प्रेक्षकांचा नाही. कृष्णाला काय हवंय, तो कोणाला कसा खेळवतोय, ते करायचं.

आणि सौभद्र निवडलंत ते बरं झालं. किर्लोस्कर जाऊन केव्हाच शंभराच्या वर वर्षं झाली, हक्कांचा प्रश्न नाही. विद्याधर गोखले किंवा दारव्हेकर अशा अलीकडच्या नाटककारांचं नाटक असतं तर परवानगी घेताना कास्टिंगचंही सांगावं लागलं असतं.

रुणझुण_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं वाचून आज ग्रुपची मीटिंग झाली.

ऑर्गनवाले काका, तिची पट्टी काल तपासली, पांढरी चारला ती एकदम मोकळी होते. रुक्मिणी बदलायची गरज नाही, आमची रुक्मिणी काळी पाचचीच आहे.

श्रीपाददादा, बालगंधर्वांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलं, यापुढे मी तो दाखला देणार नाही. पण भूमिका तिचीच राहील, कारण आमच्यात ती सगळ्यात चांगला कृष्ण आहे आणि मुलगी आहे एवढ्यासाठी तिला बाजूला ठेवणं हा पण अन्यायच होईल. मात्र ज्याला गद्य जमत नाही त्या मुलाला आम्ही दुसरा कृष्ण म्हणून सगळ्या तालमींना उभा करतोय, गद्याची तयारी वेगळी करून घेऊ, आणि तयार झाला तर पुढचे प्रयोग दोघांत वाटून देऊ. तुमच्या वर्गातली आवाज फुटलेली मुलं तालमीला पाठवाल का? नुसती बसली तरी चालतील.

रुक्मिणीच्या प्रवेशाबद्दल ज्येष्ठांनी एवढंच मान्य केलंय की आधी तालमीत बघू. आजी, दिसण्याबद्दल काही सुचवा ना.

माजघरातली_आजी

एक तर कृष्णाला मिशी नाही, अर्धं काम तिथेच झालं. अर्जुन असता तर चिकटवलेल्या मिशीत गाणं म्हणजे हाल असतात.

पीतांबर, शेला आणि मुकुट पहिल्या उभ्या (हालचालींसकट) तालमीपासून द्या. मुकुटाचं वजन मानेवर आलं की तान घेताना मान मागे टाकायची सवय मोडते, आणि तिने मुकुट न घालता गाणं बसवलं असेल तर ऐनवेळी सूर हलतो. पीतांबर नीट कसून नेसवा, शिवलेला नको, चाल आपोआप बदलते. केस कापायला अजिबात सांगू नका, वरून केसांचा टोप बसतो. आणि तालीम कुठे आहे ते कळव, मला यायचंय.