मळ्यातल्या खोलीत गाणी रेकॉर्ड होतील का?

रात्रपाळीवाला
मंडळी, प्रश्न रेकॉर्डिंगचा आहे, पण थोडं पाल्हाळ लावतो, सांभाळून घ्या.

नाशिकला अंबड एमआयडीसीत कामाला, राहायला सिडकोत. दिवाळीनंतर ठरलेलं लग्न मोडलं. सुपारी फुटली होती, बस्ता तेवढा राहिला होता. त्यांच्या घरचे बोलले, आमच्या घरचे बोलले, आम्ही दोघं मात्र बोललोच नाही.

तेव्हापासून रात्रपाळी सुटली की घरी न जाता पांडवलेणीच्या पायथ्याशी गाडी लावतो आणि बॉन इव्हेरचा ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ हा अल्बम ऐकतो. नऊ गाणी, ३७ मिनिटं. निम्मे शब्द कळत नाहीत, तरी हेल्मेटची काच आतून धुरकट होते.

बॉन इव्हेर म्हणजे जस्टिन व्हर्नन. त्याचा आधीचा बँड फुटला, नातं तुटलं, वर आजारपण. २००६ च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिनच्या जंगलात वडिलांच्या लाकडी खोपटात जाऊन राहिला आणि तिथे हा अल्बम केला. माझीही पाच गाणी तयार आहेत. निफाडजवळ मामांच्या द्राक्षबागेत पत्र्याची खोली आहे. जानेवारीत दहा दिवस सुट्टी टाकून जाऊ का? एका माईकवर भागेल?

मिसळ_कमी_तिखट
भाऊ, विस्कॉन्सिनच्या खोपटात मामी नव्हती. इथे दर तासाला चहा येईल आणि सोबत एक स्थळ.

भोंगेवाला
लग्नाच्या ऑर्डरी आणि भजनी मंडळांचा साउंड करतो, त्या अनुभवावर सांगतो.

माईक एक पुरतो. व्हर्ननकडे शुअरचा एसएम ५७ होता, तो कुठल्याही साउंडवाल्याच्या पेटीत सापडेल. त्यानं आपलाच आवाज एकावर एक चढवलाय, म्हणून एकटा असून घोळका गातोय असं वाटतं.

तुझी अडचण पत्रा. घुमणार. मामींकडून गोधड्या माग, दोरीवर टाक आणि मध्ये बस. रिकामे क्रेट भिंतीला लाव, त्यात गोणपाट कोंब. जानेवारीत आजूबाजूला फवारणीचे ब्लोअर फिरतात, त्यामुळे दिवसा विसर. रात्री शेतीची लाइट आली की मोटारी सुरू होतात आणि गुणगुण लाइनमध्ये शिरते. टेक घेताना लॅपटॉप चार्जरवरून काढ. गारठ्यात गिटारचा सूर हलतो, दर टेकआधी लाव.

जुनी_कॅसेट
अरे बाळा, तो बर्फात गेला म्हणून अल्बम झाला असं नाही. त्याआधी कित्येक वर्षं तो बँडमध्ये गात होता. ब्रासची वाद्यंही खोपटातली नाहीत, नंतर घातलेली आहेत. २००७ मध्ये त्यानं स्वतःच काढला, २००८ मध्ये कंपनीनं घेतला.

शब्द का कळत नाहीत तेही सांगते. तो आधी नुसते ध्वनी गायचा, अर्थाशिवाय, आणि मग त्या ध्वनींत बसतील असे शब्द शोधायचा. तुझी पाच गाणी आधी लिहून झालीत ना? बहुधा त्यात पाऊस असेल आणि ‘तुझ्याविना’ही असेल. मला विचारशील तर ती बाजूला ठेव. ‘आम्ही दोघं बोललोच नाही’ हे वर सहज लिहून गेलास, ते कुठल्या गाण्यात आहे?

रात्रपाळीवाला
ताई, कुठल्याच गाण्यात नाही. आणि पाऊस दोन गाण्यांत आहे.

दहा दिवस सुट्टी मिळाली नाही, शनिवार-रविवार जाऊन आलो. पारा सात-आठ असेल. मणी तडकू नयेत म्हणून मामांनी बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या, तेव्हा रात्रभर लाकडं टाकायला मीही होतो. पहाटे चारला गोधड्यांत बसून नुसतं ‘आ’ आणि ‘हूं’ गायलो, बारा टेक. शब्द अजून आलेले नाहीत.

मामी चहा घेऊन चारदा आली. स्थळ एकच.

भोंगेवाले दादा, एक विचारायचं होतं. सगळ्यात बऱ्या टेकमध्ये १ मिनिट ४० सेकंदाला बाहेरून मामांचा खोकला आलाय. मी ठेवतोय, पण त्याच्याखाली मोटारीची गुणगुण आहे, ती तेवढी काढता येईल का?