आमिश लोकांना शाळेच्या कायद्यातून सूट कशी काय?

पाटीपेन्सिल: अमेरिकेत आमिश, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, मुलं आठवीनंतर शाळा सोडतात आणि सरकार गप्प? मग सक्ती कसली डोंबलाची?

काळाकोट: गप्प कुठे, विस्कॉन्सिन राज्यात १६ वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती, तीन बापांनी पोरं पाठवली नाहीत म्हणून प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला, तेवढ्यावरून केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९७२ ला योडर खटल्यात बाप जिंकले. कोर्ट म्हणालं ही पोरं शेतीकाम शिकतात, स्वतःच्या पायावर उभी राहतात, मग दोन वर्षांसाठी त्यांच्या धर्मात सरकारने कशाला घुसायचं.

रानवारा: आणि पोरांना कोणी विचारलं? साक्ष एकाच मुलीची झालेली. न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या अंशतः असहमतीच्या मतात तेच लिहिलंय, एखाद्याला पियानो वाजवायचा असेल, अंतराळवीर व्हायचं असेल तर? मला तर त्यांचंच पटतं.

काळाकोट: मुद्दा आहे. बाकी आपला आरटीई (शिक्षण हक्क कायदा) ६ ते १४ वयाचा, म्हणजे आमिशांची आठवी इथे आरामात बसली असती 😄 आपल्याकडे २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून बाहेर गेल्या, पण ती सूट संस्थेला, आईबापाला नाही.

पाटीपेन्सिल: हां, हा फरक माहीत नव्हता. पण मग उद्या कुणीही उठून धर्माचं नाव सांगेल ना?

काळाकोट: नुसतं सांगून भागत नाही, तिथे आमिशांचा तीनेकशे वर्षांचा इतिहास बघितला कोर्टाने.