चालू जॉब स्कायलेक नोडवरून एपिक नोडवर हलवता येईल का?

प्रश्न

क्लस्टरच्या एका नोडवर (संगणकावर) मेमरीच्या, ईसीसीने दुरुस्त होणाऱ्या चुका वाढत चालल्यात, म्हणून तो ड्रेनला टाकलाय (नवे जॉब बंद). त्यावर ओपनएमपीचा (एकाच नोडवर अनेक थ्रेडने चालणारा) एक जॉब चालू आहे: ३२ थ्रेड, १८० जीबी मेमरी, अजून ४ दिवसांचं काम बाकी. प्रोग्रॅमला स्वतःचा चेकपॉइंट (स्थिती साठवून पुढे तिथूनच सुरू होण्याची सोय) नाही. जॉब वाटायला स्लर्म, रॉकी लिनक्स ८, सगळ्या फाइली लस्टरवर (सगळ्या नोडना सामाईक स्टोरेज). सध्याचा नोड इंटेल स्कायलेक, मोकळा आहे तो एएमडी एपिक (झेन २). डीएमटीसीपी या चेकपॉइंटच्या साधनाने हलवता येईल का? आणि एमपीआय जॉब (एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या अनेक प्रोसेसचा) असेल तर काय करायचं?

उत्तर १

डीएमटीसीपी आता उशिराचं. प्रोग्रॅम सुरू करतानाच तो त्याच्यामार्फत सुरू करावा लागतो, चालू प्रोसेसला मागून जोडता येत नाही. चालू प्रोसेस उचलायची तर क्रियू (लिनक्सवर प्रोसेस गोठवून साठवणारं साधन), आणि त्यासाठी तुमच्याकडे रूट हवा.

एपिकवर मात्र नेऊ नका. स्कायलेकमधल्या एव्हीएक्स-५१२ या सूचना झेन २ मध्ये नाहीत. ओपनब्लास किंवा एमकेएल या गणिताच्या लायब्ररी सुरू होतानाच सीपीयू बघून आपले कर्नल (त्या सीपीयूसाठीचे रूटीन) निवडतात, आणि ती निवड मेमरीबरोबर तशीच पलीकडे जाते. रिस्टोअर झालाच तरी पहिल्या मोठ्या मॅट्रिक्स गुणाकाराला ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ येऊन प्रोसेस मरेल. दुसरा स्कायलेक मोकळा करून घ्या. क्रियूच्या ‘सीपीयूइन्फो’ने जुन्या नोडवर सीपीयूच्या माहितीचा डंप घ्या, नव्यावर चेक करा.

प्रोसेसचा डंप (साठवलेली प्रत) ‘लीव्ह-स्टॉप्ड’ लावूनच घ्या. नुसता डंप यशस्वी झाला की मूळ प्रोसेस मारून टाकतो. मग बॅच स्क्रिप्ट संपते, स्लर्मच्या लेखी जॉब संपतो आणि रिस्टोअर फसलं तर परतीची वाट राहत नाही. सेशन लीडर (ज्या प्रोसेसने सेशन सुरू केलं ती) डंपच्या बाहेर राहतो म्हणून ‘शेल-जॉब’ही लागेल. नव्या नोडवर स्लर्मकडून रीतसर अलोकेशन घेऊन त्यातच रिस्टोअर करा, आणि तेही नव्या पीआयडी नेमस्पेसमध्ये (प्रोसेस क्रमांकांच्या वेगळ्या यादीत), कारण क्रियूला जुनाच पीआयडी लागतो आणि तो तिथे आधीच वापरात असू शकतो. फाइलींचे पाथ आणि लायब्ररींच्या आवृत्त्या दोन्हीकडे हुबेहूब हव्यात.

१० गिगाबिटच्या जोडणीवर १८० जीबी लिहायला कमीत कमी अडीच मिनिटं, वाचायला परत तेवढीच. प्री-डंपच्या (प्रोसेस चालू असतानाच आधी मेमरी साठवण्याच्या) नादी लागू नका. असा प्रोग्रॅम दर फेरीत जवळजवळ सगळी मेमरी नव्याने लिहितो, त्यामुळे वेळेची बचत काहीच होत नाही.

प्रश्नकर्ता

प्रोग्रॅम एसरनने (स्लर्मच्या कमांडने) सुरू केलाय. फरक पडतो?

उत्तर १

पडतो. आउटपुट पाइपमधून स्लर्मच्या स्टेप डीमनकडे (पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोसेसकडे) जातं. तो डीमन पलीकडे नसतो, म्हणून रिस्टोअर करताना ‘इनहेरिट-एफडी’ने त्या पाइपच्या जागी उघडी फाइल द्यावी लागते. स्टँडर्ड आउट आणि एररच्या पाइपचे आयनोड (ओळख) क्रमांक प्रॉकमधून (लिनक्सच्या प्रोसेस-माहितीच्या फोल्डरमधून) आधीच टिपून ठेवा. आधी एका छोट्या रनवर सगळं करून पाहा.

उत्तर २

एमपीआयचं: इन्फिनीबँडच्या (नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कच्या) क्यू-पेअर म्हणजे संवादाच्या रांगा आणि नोंदवलेली मेमरी नेटवर्क कार्डाच्या ताब्यात असते, ती क्रियूला उचलता येत नाही. डीएमटीसीपीवर आधारलेलं ‘माना’ हे साधन यातून वाट काढतं. ते फक्त अॅप्लिकेशनचा भाग साठवतं आणि पुन्हा सुरू करताना एमपीआय लायब्ररी नव्याने उभी करतं. पण तेही सुरुवातीपासून लावावं लागतं.

ग्रोमॅक्ससारखं (रेणूंच्या सिम्युलेशनचा प्रोग्रॅम) स्वतःचं चेकपॉइंट असेल तर तेच वापरा. स्लर्मला वेळ संपण्याच्या ६०० सेकंद आधी यूएसआर१ हा सिग्नल पाठवायला सांगा. सिग्नलच्या पर्यायात ‘बी:’ विसरू नका, नाहीतर तो बॅच शेलपर्यंत पोचतच नाही. एसरन बॅकग्राउंडला टाकून वेट करा. फोरग्राउंडला ठेवलात तर ट्रॅप (सिग्नल आल्यावर चालणारा स्क्रिप्टचा भाग) एसरन संपेपर्यंत चालत नाही. ट्रॅपमध्ये रीक्यू (जॉब पुन्हा रांगेत), आणि ओपन-मोड अपेंड, नाहीतर जुना लॉग पुसला जातो.

उत्तर ३

ड्रेनमुळे चालू जॉब मरत नाही, फक्त नवे येत नाहीत. दुरुस्त न होणारी चूक अजून आलेली नसेल तर मी जॉब चालू ठेवून ‘लीव्ह-रनिंग’ने रोज एक डंप घेईन. एकच अडचण: जॉब पुढे लिहीत राहतो आणि आउटपुट फाइलचा आकार डंपमधल्याशी जुळला नाही की क्रियू रिस्टोअर नाकारतो. म्हणून प्रत्येक उघड्या फाइलचा डंपच्या वेळचा आकार टिपा. फाइलमध्ये फक्त शेवटी भर पडत असेल तर रिस्टोअरआधी ती तेवढ्यावर कापा. मधल्या जागी लिहिणारी असेल तर पूर्ण प्रतच ठेवावी लागेल.